अमर नायकाचा दुसरा भाग: छापण्याआधी वाचकांच्या प्रतिक्रिया कशा घ्यायच्या

अमर पात्र असलेल्या अद्भुत कादंबरीचा पहिला भाग एका प्रश्नावर वाचला जातो: हा माणूस मरत का नाही? दुसरा भाग उघडताना वाचकाला त्याचं उत्तर ठाऊक असतं. त्यामुळे पहिल्या भागाला मिळालेली दाद दुसऱ्या भागाच्या कामाची नसते, आणि हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्याआधी चार परक्या डोळ्यांखालून जाणं इथे जास्त गरजेचं असतं. वाचक कुठे अडला हे तो जवळजवळ नेहमीच बरोबर सांगतो. का अडला हे सांगताना मात्र तो बहुतेकदा चुकतो. जागा त्याच्याकडून घ्यायची, कारण आपण शोधायचं.

वाचक निवडताना

नऊ जण पुरतात. चार असे, ज्यांनी पहिला भाग नुकताच वाचलाय. तीन असे, ज्यांनी तो वर्षभरापूर्वी वाचला आणि आता अर्धा विसरलेत. दोघं असे, ज्यांनी तो वाचलेलाच नाही. यांना अ, ब, क म्हणू. खरा गिऱ्हाईक ब गटातला असतो. तो दुकानात दुसरा भाग उचलतो तेव्हा पहिला कपाटात कुठे आहे हेही त्याला आठवत नसतं. म्हणून ब गटाला पहिल्या भागाचा सारांश मुद्दाम देऊ नका. पहिल्या दहा-बारा पानांत मागचे धागे त्याच्या हाती लागतात का, हेच तर बघायचंय.

घरची माणसं नकोत. लिहिणारे मित्रही शक्यतो नकोत, ते तुमचं वाक्य दुरुस्त करत बसतात आणि गोष्ट बाजूला राहते. पुराणं किंवा इतिहास बारकाईने वाचणारा एक तरी हवाच, कारण छापल्यावर तुमच्या चुका पहिल्यांदा अशाच कुणाला तरी दिसणार आहेत. नऊपैकी दोघं-तिघं अर्ध्यात सोडतील असं धरून चाला. त्यांच्या मागे लागू नका, फक्त कुठल्या पानावर सोडलं ते विचारून घ्या. ते पान लिखित शेऱ्याइतकंच मोलाचं आहे.

प्रत कशी द्यायची

मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली फाईल तशीच पाठवली तर मोबाईलवर नुसती चिन्हं उमटतात. रूपांतर केलं तरी रफार, जोडाक्षरं, ‘ॲ’ आणि ‘ऱ्या’तला र बिघडतो. तो एकदा वाचून नीट करा, नाहीतर नऊ वाचक मिळून नऊ वेळा मुद्रितशोधनच करून देतील. ए-५ आकाराची पीडीएफ, १३ ते १४ पॉइंटचं अक्षर, प्रत्येक पानावर पानक्रमांक आणि तळाला ‘प्रत क्र. ४’ अशी खूण. सगळ्यांना एकच गुगल डॉक देऊ नका. पहिल्याने ‘इथे कंटाळा आला’ लिहिलं की पुढच्या तिघांनाही तिथेच कंटाळा येतो.

कादंबरी ८०,००० शब्दांची असेल तर तीन हप्ते करा. एक हप्ता साधारण २७,००० शब्दांचा. मिनिटाला दीडशे शब्द धरले तर तीन तासांचं वाचन, त्याला एक आठवडा पुरतो. हप्त्यांचा फायदा असा की प्रत्येक टप्प्यावर वाचकाला पुढे काय होईल असं वाटतं हे विचारता येतं. शेवट वाचून झाल्यावर ‘मला आधीच कळलं होतं’ असं सगळेच म्हणतात.

समासात चारच खुणा करायला सांगा: कं (कंटाळा), गों (गोंधळ), ख (खोटं वाटलं), वा (वाहवा). याहून जास्त खुणा दिल्या तर कुणी वापरत नाही.

काय विचारायचं

‘आवडलं का?’ हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर नात्यावर ठरतं. प्रत्येक हप्त्यानंतर हे तीन प्रश्न पाठवा:

१. या क्षणी नायकाला काय गमवायची भीती आहे? एका वाक्यात.
२. त्याच्या अमरत्वाचे नियम पान न उलटता, आठवतील तेवढे लिहा.
३. वाचताना पुस्तक कुठे खाली ठेवलं आणि परत कधी उचललं?

सगळ्यात जास्त हाती लागतं ते दुसऱ्या प्रश्नातून. तुमच्याकडे नियमांचा कागद असायलाच हवा: जखम भरते की राहते, वय कुठे थांबलंय, भूक लागते का, आठवणी टिकतात का, वर कुणी दिला आणि तो कसा मोडतो. वाचकांची उत्तरं त्याच्या शेजारी ठेवा. पाच जणांना एखादा नियम आठवला नाही, तर तो तुमच्या डोक्यात आहे, पुस्तकात नाही. आणि तुम्ही न लिहिलेला नियम तिघांनी लिहिला असेल, तर तो तुमच्याही नकळत कुठल्यातरी प्रसंगातून सूचित झालाय. तो प्रसंग शोधून काढा.

तक्रारी वाचताना

‘आता धोका वाटत नाही’ ही दुसऱ्या भागाची हमखास तक्रार, आणि तिच्याबरोबर येणारा हमखास उपाय म्हणजे ‘आणखी बलाढ्य खलनायक आणा’. उपाय सोडून द्या, तक्रार धरा. जो मरत नाही त्याच्यावर तलवार उगारून उपयोग नाही. त्याचं नुकसान दुसरीकडे व्हायला हवं: माणसं, आठवणी, जागा, दिलेला शब्द. पहिल्या प्रश्नाची उत्तरं ‘काहीच नाही’ किंवा ‘जगाचा विनाश’ अशी आली तर दुखणं इथेच आहे. जगाच्या विनाशाची भीती कुणालाच खरी वाटत नाही. अमरत्वाची किंमत ठसठशीत असेल तर खलनायकाची फारशी गरजही पडत नाही. ग्रीक कथेतल्या टिथोनसला अमरत्व मिळालं, पण त्याच्यासाठी तारुण्य मागायचं राहून गेलं. आपल्याकडे अश्वत्थामा आहे, ज्याच्यासाठी न मरणं हीच शिक्षा. दोघांचंही नुकसान व्हायला मारेकरी लागत नाही.

‘हे आधी नव्हतं’ हा शेरा दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. दुसऱ्या भागात नायकावर नवी मर्यादा आली तर वाचक कुरकुरतो आणि पुढे वाचतो. नवी शक्ती आली तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. मोजमाप म्हणून हिरण्यकशिपूचा वर डोळ्यांसमोर ठेवा. ना माणसाकडून ना पशूकडून, ना दिवसा ना रात्री, ना घरात ना घराबाहेर. सगळ्या अटी आधी सांगितलेल्या, आणि शेवटी नरसिंह संध्याकाळी उंबरठ्यावर येतो तेव्हा त्यातली एकही मोडत नाही. तुमच्या दुसऱ्या भागातली कलाटणी या कसोटीला उतरते का ते बघा. उतरत नसेल तर बहुतेकदा दुरुस्ती पहिल्या शंभर पानांत करायची असते, तक्रार आलेल्या पानावर नाही. पहिला भाग छापून झालाय, त्यात आता काही पेरता येत नाही. म्हणून नवा नियम लवकर, एखाद्या साध्या प्रसंगात आणि शक्यतो नायकाचं नुकसान करत आणा.

मेलेलं अमर पात्र परत आणायचं असेल तर इंग्रजी कादंबरीकार रायडर हॅगर्डचं उदाहरण उपयोगी आहे. त्याची ‘शी’ ही कादंबरी १८८७ साली पुस्तकरूपात आली. तिच्या शेवटी नायिका अयेशा, जिने तिला अमर केलं त्याच ज्योतीत दुसऱ्यांदा शिरून संपते, पण मरताना आपण परत येऊ असं सांगून जाते. दुसरा भाग आला १९०५ मध्ये. अठरा वर्षं गेली तरी परतीचं वचन पहिल्या पुस्तकात होतंच. तुमच्या पहिल्या भागात असं एखादं वाक्य आहे का ते आधी शोधा. नसेल तर ‘ख’ची खूण पडणार हे धरून चाला.

तपशिलाच्या चुका अमर नायकाच्या गोष्टीत जास्त, कारण तो कितीतरी शतकांतून फिरतो. तेराव्या शतकातल्या देवगिरीत त्याने मिरचीचा ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी खाल्ली की संपलं, मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीज आल्यानंतर इथे आले. शक आणि इसवी सन यांत ७८ वर्षांचं अंतर, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. शके १२१२ म्हणजे १२९०. एक तक्ता करा: साल, नायकाचं त्या काळचं नाव, दिसणारं वय, गाव, तेव्हा सोबत कोण. तक्ता नसेल तर अ गटातला कुणीतरी तो करून पाठवेल, आणि तो तुमच्या बाजूने नसेल.

वर्तमानातल्या शंका त्याहून चिवट. ‘याची जमीन आहे ना, मग सातबाऱ्यावर नाव कुणाचं? वारस नोंद कशी झाली?’ ‘नाव बदलून नवं आधार काढलं, पण बोटांचे ठसे तर तेच ना?’ हे शेरे खोडसाळ वाटतात, पण त्यांचं सोनं करता येतं. दर पिढीला स्वतःचाच मुलगा म्हणून तलाठ्यापुढे उभं राहणारा, आणि आता बायोमेट्रिकमुळे पहिल्यांदा अडकलेला अमर माणूस! इथे नायकाला खरा धोका मिळतो, तोही फुकट.

पुराणातलं पात्र घेतलं असेल तर एक वाद येणारच. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थाम्याचा शाप ३,००० वर्षांचा आहे. लोकांच्या मनात मात्र तो कलियुगाच्या अंतापर्यंत भटकतो. इसवी सनापूर्वी ३१०२ ही कलियुगाची परंपरागत सुरुवात धरली तर शाप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच संपतो. दुसरीकडे नंदुरबारच्या सातपुड्यात दिवाळीच्या सुमारास आजही अस्तंब्याची, म्हणजे अश्वत्थाम्याचीच, यात्रा भरते. वाचकाशी वाद घालू नका. कुठला पाठ धरलाय ते एका पात्राच्या तोंडी घाला आणि दुसऱ्या पात्राकडून त्याला विरोध करवा.

सगळ्यात अवघड शेरा असा असतो: ‘इतकी वर्षं जगला, तरी विशीतल्या पोरासारखा का वागतो?’ मराठी वाचकाच्या मनात इथे चांगदेव उभे असतात. चौदाशे वर्षांचं आयुष्य, आणि मायना सुचेना म्हणून ज्ञानदेवांना कोरं पत्र. एवढं जगून कोराच राहिला, हा मुक्ताबाईंचा टोला. अमर माणूस कोरा राहू शकतो, पण ते लेखकाला माहीत असल्याचं पानावर दिसलं पाहिजे. शेरा आला तर नायकाला शहाणा करण्याची घाई करू नका. त्याचा कोरेपणा दाखवून देणारं एक पात्र पुरेसं होतं.

हिशेब आणि बोलणं

सगळ्या खुणा एका तक्त्यात भरा: पान, खूण, गट. दोन पानांच्या अंतरात नऊपैकी तिघांची एकच खूण असेल तर बदल करायचाच. एकट्याची असेल तर थांबा. तपशिलाची चूक मात्र एकाने दाखवली तरी पुरे. फक्त ब गट गोंधळला तर मागचे धागे कमी पडलेत. फक्त अ गट चिडला तर नियम बदललाय. फक्त क गट अडला तर बहुधा काहीच करू नका, दुसरा भाग आधी वाचणाऱ्याला तेवढं अडू द्यावं. ‘कं’ आणि ‘वा’ एकाच पानावर पडले तर ते पान ठेवा.

भेटून बोलायचं तर एकेकट्याशी बोला. आपली माणसं तोंडावर नाराज करत नाहीत. ‘छान जमलंय हो’ यावर थांबू नका, ‘काका, मध्ये कुठे चहाला उठलात?’ असं विचारा, पान आपोआप सांगतात. ‘का?’ विचारू नका, माणूस सिद्धांत मांडायला लागतो. ‘कुठे?’ एवढंच विचारा. आणि समर्थन करू नका. ‘अहो, ते तिसऱ्या भागात येणार आहे’ असं एकदा बोललात की त्यानंतरचे त्या वाचकाचे शेरे तुम्हाला सांभाळून घेणारेच असतात.

दुरुस्त प्रत त्याच नऊ जणांना पुन्हा देऊ नका. त्यांना जुना मजकूर आठवतो आणि जे आता पानावर नाही तेही ते वाचतात. पहिला भाग विसरलेले तीन नवे वाचक शोधा आणि त्यांना तेच तीन प्रश्न पाठवा.