अकरावी-बारावी सायन्स: आधी काय, मग काय

विषय निवडीवर फार बोलत नाही. इंजिनिअरिंगला गणित लागतं, मेडिकलच्या नीट परीक्षेला बायोलॉजी. ठरत नसेल तर पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी), पण मग दोन्हीकडचं ओझं वाहायची तयारी ठेवा. वह्या, क्लास, वेळापत्रक तुमचं तुम्ही बघा.

मुद्दा अकरावीचा. वार्षिक परीक्षा संपली की पुस्तकं रद्दीत जातात नाहीतर धाकट्या भावंडाकडे. देऊ नका. एमएचटी-सीईटीत (महाराष्ट्राची इंजिनिअरिंग-फार्मसी प्रवेश परीक्षा) अकरावीला 20 टक्के वजन आहे. पीसीएमचा हिशोब करा: फिजिक्स 10 प्रश्न, केमिस्ट्री 10, गणित 10, त्यात गणिताला प्रत्येकी 2 गुण, बाकी दोघांना 1. म्हणजे 200 पैकी 40. तेही अख्ख्या पुस्तकावर नाही, ठरावीक प्रकरणांवर. ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या अभ्यासक्रमात ती दिलेली असतात. अनुक्रमणिकेवर आजच खुणा करा.

आणि हे फक्त सीईटीपुरतं नाही. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात इलेक्ट्रोस्टॅटिक्स गॉसच्या नियमाच्या उपयोगांपासून सुरू होतं. कूलॉम, डायपोल आणि खुद्द गॉसचा नियम अकरावीत होऊन गेलेला असतो. आरसे-भिंगं अकरावीच्या ऑप्टिक्समध्ये, बारावीत थेट वेव्ह ऑप्टिक्स. जेईईला (आयआयटी-एनआयटीची प्रवेश परीक्षा) दोन्ही लागतं. अकरावी कच्ची राहिली तर बारावीचे सर मागे जाऊन शिकवत नाहीत, त्यांचाच पोर्शन संपत नसतो.

फिजिक्सच्या आधी गणित, हा क्रम पाळा. अकरावी फिजिक्सचं दुसरं प्रकरण, मॅथेमॅटिकल मेथड्स, वर्गात ‘वाचून घ्या’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. व्हेक्टर आणि साधं डेरिव्हेटिव्ह आलं नाही तर मोशन इन अ प्लेनलाच गाडी अडते. बारावीत ऑसिलेशन्समध्ये एसएचएमचं (सिंपल हार्मोनिक मोशन) डिफरन्शिअल इक्वेशन येतं, आणि गणितात तो धडा भाग दोनमध्ये, डिफरन्सिएशन-इंटिग्रेशननंतर. कॉलेज तुमच्यासाठी क्रम बदलणार नाही. बारावीआधीच्या सुट्टीत डेरिव्हेटिव्ह आणि सोपं इंटिग्रेशन उरका. त्याच सुट्टीत, परत सांगतो, अकरावीची खूण केलेली प्रकरणं. केमिस्ट्रीत निदान ऑरगॅनिकची मूलतत्त्वं, नाहीतर बारावीचं अर्धं ऑरगॅनिक पाठांतर होतं.

परीक्षांचा क्रम असा: जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, त्याचा फॉर्म हल्ली ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात. मग बोर्डाची प्रॅक्टिकल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी. जेईईचं दुसरं सत्र, सीईटी, नीट हे सगळं एप्रिल-मेमध्ये एकमेकांच्या अंगावर. म्हणून डिसेंबरपर्यंत बारावीचा पोर्शन संपवा. प्रॅक्टिकलचे 30 गुण (गणिताला 20) हातातले असतात. जर्नलवर सह्या वेळेत घ्या, जानेवारीत शिक्षकांच्या मागे धावू नका.

सराव वेगवेगळा करा. जेईई मेनला चुकलं की एक गुण वजा, तिथे सोडायला शिका. सीईटीला निगेटिव्ह नाही, एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. पण फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. घड्याळ लावूनच सोडवा.

कागदपत्रं: डोमिसाइल, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर. वैधतेचा अर्ज अकरावीतच करा, वेळ लागतो. फॉर्मवर नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे. फोटो, सही स्कॅन करून ठेवा.

बोर्ड संपल्यावर पहिले चार दिवस: अकरावीची पुस्तकं. ठेवलीत ना?