लिथुआनियात पाव मागायला जाताना

(क्योनिग्सबर्ग, महायुद्धानंतर सोव्हिएत ताब्यात गेलेलं जर्मन शहर, वसंत 1947. उपासमारीला तोंड देणारी जर्मन थोरली बहीण धाकट्या भावाला सांगते आहे.)

लिथुआनियातल्या कौनास शहराकडे जाणारी मालगाडी पकडायची. डब्यात शिरता आलं नाही तर दोन डब्यांच्या मध्ये बस, पण डोळा लागू देऊ नकोस. शिपाई दिसला की पळ काढायचा, हुज्जत घालायची नाही.

उतरलास की शहरात रेंगाळू नको. रस्त्याकाठची घरंही सोडून दे, तिथे आपल्यासारखी ढीगभर पोरं आधीच येऊन गेलेली असतात. शेतापलीकडचं एकटं घर गाठ. आधी कुत्रा बांधलाय का ते बघ. मग टोपी काढून म्हण, ‘प्रशाउ दुओनोस’. म्हणजे पाव द्या हो. एवढं आलं की पुरे. जर्मन एक अक्षर नको. त्यापेक्षा मुका झालास तरी चालेल. आपल्याला थारा दिला म्हणून त्या शेतकऱ्यांच्याच मागे शुक्लकाष्ठ लागतं.

पाव मिळाला की आधी इवलासा तुकडा, तोही चावून चावून. पाला आणि बटाट्याच्या साली खाऊन आकसलेलं पोट एकदम भरलं तर उलटतं. उरलेला सदऱ्याच्या आत बांध.

दोघांना एकत्र कुणी ठेवून घेत नाही, तेव्हा वेगवेगळी दारं धरायची. रडून उपयोग नाही. गुरं राख, बटाटे सोल. त्यांच्यातलं नाव ठेवून योनास म्हणाले तर योनास. पण आपलं खरं नाव, जन्मतारीख, आईचं नाव रोज मनात घोक.

आणि बूट झोपतानाही काढायचे नाहीत. चोरीला जातात.