वायरचं नेट सारखं मंदावतंय? राउटर बंद-चालू करण्याआधी या चुका टाळा

सकाळी नेट झकास, दुपारी बारा-एकला मरगळलेलं, राउटर बंद-चालू केला की पुन्हा झकास. वायफाय नाही, चांगली भिंतीतून ओढलेली केबल आहे, तरी हे रडगाणं. जळगाव-भुसावळकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे ‘नेट चालस, पन हळू’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि हात पहिला जातो तो राउटरच्या बटणाकडे. पहिली चूक तीच, कारण त्या बटणानं पुरावाच पुसला जातो.

केबलच्या दोन टोकांची यंत्रं जोडणी होताना आपसांत वेग ठरवतात. १००० एमबीपीएससाठी (सेकंदाला इतके मेगाबिट) केबलमधल्या आठही तारा धड लागतात. १०० साठी चारच पुरतात: १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. एखादी तार सैल असली की हजारची जोडणी मधेच तुटते, दोन-चार सेकंदांत पुन्हा जुळते, पण या वेळी शंभरवर. तिथून ती आपणहून वर चढत नाही. राउटर बंद-चालू केल्यावर बोलणी नव्यानं होतात, सैल तार त्या घडीला टेकलेली असली तर पुन्हा हजार मिळतात, आणि राउटर बिचारा विनाकारण बदनाम होतो. मग दोन-तीन हजारांचा नवा राउटर येतो आणि आठवड्यानं पुन्हा तेच.

म्हणून नेट मंदावलेलं असतानाच, काहीही न हलवता, लिंक स्पीड पाहा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट. तिथे १०००/१००० आहे की १००/१००? प्लॅन २०० किंवा ३०० चा असून स्पीड टेस्टचा काटा ९४-९५ वर अडत असेल तर जोडणी शंभरवर उतरली आहे असंच समजा. मात्र टीव्हीवर ९४ दिसले म्हणून केबल उपटू नका. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टच १०० चा असतो. आणि प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर डाउनलोड सेकंदाला ११-१२ एमबीनं होणं हा पूर्ण वेग आहे. एमबीपीएसमधला ‘बी’ बिटचा, फाइलच्या एमबीमधला बाइटचा, आणि एका बाइटमध्ये आठ बिट.

पुढची पायरी दोन पिंगांची. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. दोन्हींत ‘पिंग’ लिहून पुढे एकीत राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसरीत ८.८.८.८ (हा इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर), आणि पिंग थांबू नये म्हणून दोन्हींपुढे ‘-टी’ जोडा. आकडे-अक्षरं अर्थातच इंग्रजीत टाइप करायची. राउटरकडून वायरवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत आलं पाहिजे आणि एकही पॅकेट (माहितीचा तुकडा) हरवता कामा नये. तिथेच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल तर दोष घरातला: केबल, तिच्या टोकाचा कनेक्टर, नेटचा स्विच (एका केबलीच्या अनेक जोडण्या करणारा डबा) किंवा पोर्ट (केबल घुसवायचं भोक). राउटर चोख उत्तर देतोय आणि ८.८.८.८ मात्र २० वरून ३०० मिलिसेकंदांवर उडतंय, तर पाहायचं राउटरच्या पलीकडे. पण आधी घरातला कोणाचा मोबाइल फोटोंचा बॅकअप चढवतोय का, किंवा सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जातंय का, हे बघून घ्या. अपलोड तुंबला की डाउनलोडही रखडतो.

घरातला दोष निघाला तर राउटरपाशी एक-दोन मीटरच्या तयार पॅच कॉर्डनं (दोन्ही टोकांना कनेक्टर बसवूनच मिळणारी छोटी केबल) लॅपटॉप थेट लावा. इथे हजार टिकले, तर दोष ओढलेल्या केबलचाच.

टोकाची चूक: टेस्टर ‘ओके’ म्हणतो, नेट नाही

टेस्टरवर आठ दिवे ओळीनं लागले की क्रिम्पिंग (टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) बरोबर, असं समजणारे पुष्कळ. तो स्वस्तातला टेस्टर फक्त तार तुटलेली नाही आणि दोन्ही टोकांचा क्रम जुळतो एवढंच सांगतो. खरा क्रम असा (क्लिप खाली, सोनेरी पिना वर आणि तुमच्यापासून दूर, डावीकडून): पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी ३ आणि ६ वर फाकते, मधे निळ्याची बसते. कित्येक जण सोपं म्हणून केशरी-केशरी, हिरवा-हिरवा, निळा-निळा, तपकिरी-तपकिरी असं ओळीनं लावतात, दोन्ही टोकांना तसंच. टेस्टरचे दिवे सगळे हिरवे, पण ३ आणि ६ वर आता दोन वेगळ्या पिळांच्या तारा आल्या. पीळ दिलेला असतो तो एकमेकींचा विजेचा गोंगाट मारायला; जोडी फुटली की गोंगाट आत शिरतो आणि लांबी वाढेल तसा वेग ढासळतो. पीळही टोकाला १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलेलं हवं. नुसत्या तारांवर लोंबणारा कनेक्टर हळूहळू सैल होतो.

गच्चीवर तार हातानं पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड असेल, तर तो आजच काढा. अखंड केबल टाका.

ऊन, पत्रे आणि स्वस्त केबल

ज्या गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) दोन दिवसांत कडक वाळतात, तिथून घरातली साधी पांढरी-राखाडी केबल उघडी नेली तर तिचं काय होणार? उन्हानं पीव्हीसीचं आवरण तडकतं, पहिल्या पावसात पाणी आत शिरतं आणि केबलीतून वाहत थेट कनेक्टरपर्यंत येतं. बाहेरून न्यायची तर काळ्या पॉलिथिलीन आवरणाची आउटडोअर केबल घ्या किंवा पाइपातून न्या, आणि भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल.

केबलची १०० मीटरची मर्यादा २० अंश तापमान धरून असते. पारा ४० वर गेला की सिग्नलची गळती साधारण ८ टक्क्यांनी वाढते, त्यापुढे आणखी वेगानं. भुसावळचा मे महिना ४५ च्या पुढचा, आणि पत्र्याखाली त्याहून वाईट. घरातल्या १५ मीटरला यानं फरक पडत नाही. गोदामापर्यंतच्या ८०-९० मीटरला पडतो. दुपारीच मंदावणारं नेट कधीकधी असं लांबीच्या काठावरचं असतं.

त्यात केबल सीसीए असेल तर विचारूच नका. सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. रोध तांब्यापेक्षा दीडपट किंवा त्याहून जास्त, आणि दोन-चार वेळा वाकवली की तार तुटते. ओळखायची कशी? एक तार सोलून ब्लेडनं खरवडा. आत चंदेरी दिसली तर सीसीए, आरपार लालसर तर तांबं. बॉक्स उचलूनही कळतं: ३०५ मीटरचा सीसीएचा बॉक्स तांब्याच्या मानानं हलका लागतो. लहान पॅच कॉर्डला चालून जाते, पण भिंतीत घालायची केबल कॅट ५ई प्रतीची असो की कॅट ६, तांब्याचीच घ्या. भिंत पुन्हा फोडण्याच्या खर्चात सगळी बचत जाते.

राउटरलाही ऊन लागतंच. बऱ्याच राउटरांच्या लेबलवर ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. माळ्यावर, पत्र्याला लागून किंवा इन्व्हर्टरवर ठेवू नका. कुलरच्या झोतासमोरही नको: दमट हवेनं पिना गंजतात.

कुलरचं आणखी एक. पिंग चालू ठेवा आणि कुलर किंवा पाण्याची मोटर सुरू करून पाहा. त्याच क्षणी पॅकेट हरवत असतील तर दोन संशयित. एक, नेटची केबल लाइटच्याच पाइपातून गेली आहे. ती काढा: धोक्याचंही आहे, गोंगाटाचंही. दोन्हींत वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचंच तर काटकोनात. दुसरा, राउटरचा दमलेला अ‍ॅडॅप्टर, जो व्होल्टेज पडलं की मान टाकतो. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

बारीकसारीक, पण वेळ खाणाऱ्या

नेटवाल्यानं दिलेल्या डब्याला चार लॅन पोर्ट असले तरी अनेकदा एकच हजारचा असतो. कोणत्या भोकात केबल आहे ते बघा. जुन्या स्विचवर १०/१०० छापलं असेल तर त्यामागचं सगळं शंभरवर. संगणकातलं ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ हातानं १०० फुलवर (एकाच वेळी पाठवणं-घेणं दोन्ही) बांधू नका: समोरचं यंत्र ऑटोवर असेल तर ते हाफ (एका वेळी एकच) धरतं आणि वेग पार कोसळतो. एकाच स्विचमध्ये केबलची दोन्ही टोकं घुसवली तर अख्खं घर ठप्प होतं. माळ्यावरची केबल उंदरांनी कुरतडली आहे का, तेही एकदा चाचपून घ्या.

घरापासून खळ्यापर्यंत किंवा शेतातल्या गोदामापर्यंत तांब्याची केबल नेऊच नका. वळवाच्या पावसात वीज लांब पडली तरी झटका पोर्टपर्यंत येतो. पोर्ट कधी मरतो, कधी अर्धवट जगतो आणि १० किंवा १०० वर रांगतो. तिथे फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) आणि तिला दोन्ही टोकांना साध्या केबलशी जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावा.

घरातलं सगळं ठीक निघालं आणि रोज रात्री आठ ते अकरालाच वेग पडतोय, तर नेटवाल्याला नुसतं ‘हळू चालतंय’ सांगू नका. वेळ, दोन्ही पिंगांचे आकडे आणि वायरवरचा स्पीड टेस्ट पाठवा. डब्याच्या सेटिंग्जच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा जोर) दिसत असेल तर तीही. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या आसपास असेल तर फोन लावण्याआधी कपाटामागे बघा, पिवळी फायबर कुठे चेपलेली किंवा घट्ट वाकलेली नाही ना.