थांबणारा माल आणि न थांबणारा माल

परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन शेतकरी उत्पादक कंपनीत लागलेली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, भाव पुढं काय होईल हे कसं ओळखायचं?’ हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत भागात अशाच कंपनीत हळदीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, मला अजून ओळखता येत नाही. पोट मात्र या नोकरीवरच चालतं, म्हणजे तिच्यात लागतं ते दुसरंच काहीतरी असणार.

पहिल्या हंगामात मी सभासदांची हळद गोळा करून एका मसालेवाल्याकडे गाडी पाठवली. चार दिवसांनी गाडी परत. ओलावा जास्त. कांडी वरून पिवळीधमक, खडखडीत, आणि आत ओल. भाडं दोन्ही बाजूंचं आमच्याच गळ्यात. आमच्या एका साठीतल्या सभासदानं पोत्यातून कांडी काढली, कानाजवळ धरून मोडली आणि म्हणाला, “खट्ट वाजली पायजे, ताई. ही तर नुसती वाकती. तुमच्या कालेजात कांडी मोडत नव्हते का?” खरंच मोडत नव्हतो. आता आमच्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे, ओल दहा टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय गाडी भरत नाही. तरी मी आधी कांडी मोडते, मग यंत्र लावते.

मोंढ्यात बिटाच्या, म्हणजे लिलावाच्या वेळी जाऊन उभं राहा, एवढं मी प्रत्येक नव्या पोराला सांगते. खरेदीदार ढिगात हात कुठपर्यंत घालतो ते बघा. पूर्वी तो रंग, लांबी आणि पॉलिश बघायचा. बाहेरदेशी माल पाठवणारा आता कुरक्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं सत्त्व, किती हे विचारतो, फवारणीचे अंश किती हे विचारतो आणि प्रयोगशाळेचा कागद मागतो. त्यामुळे काम उलटं मागं सरकलं: बेणं कुठलं, हळद काहिलीत उकळली की बॉयलरच्या वाफेवर शिजवली, वाळवताना खाली ताडपत्री होती की नुसती माती, हे सगळं भावात उतरायला लागलं. पॉलिशच्या ढोलात पिवळा रंग टाकायची खोड कुठं दिसली तर तिथून माल घेऊ नका. त्या रंगात शिशाचा अंश असू शकतो, आणि एका पोत्यापायी अख्खा लॉट नापास होतो. 2024 मध्ये ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले. मानांकनाचा उपयोग आहेच, पण गिऱ्हाईक त्याच्याआधी तपासणीचा कागद मागतं.

आता मूळ मुद्दा. 2023 च्या सुरुवातीला हळद क्विंटलला सहा-सात हजारांत जात होती. ऑगस्टपर्यंत ती पंधरा हजारांच्या पुढे गेली. ज्यांनी मार्च-एप्रिलमध्येच विकली त्यांना भाव कळत नव्हता असं नाही. मार्चअखेर पीककर्ज नवं-जुनं करायचं होतं, घरात लग्न होतं, आडत्याची उचल फेडायची होती. थांबला तो ज्याच्या हातात उसाचं बिल किंवा केळीचा पैसा होता. हळद नीट वाळवली तर वर्षभर पोत्यात थांबते, घर थांबत नाही.

म्हणून नव्यानं येणाऱ्यानं शेतमाल तारण योजनेचा अर्ज भरायला शिकावं. भावाचे आलेख नंतर. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी उचलायची. योजना 1990 पासून आहे, तरी सातबाऱ्यावर हळदीची नोंद नाही म्हणून अर्ज अडलेले मी कितीदा पाहिले. नोंद पेरणीनंतर लगेच करून घ्या, मार्चमध्ये तलाठ्याच्या मागं पळू नका.

थांबणं म्हणजे हमखास नफा असंही कुणाला सांगू नका. 2010 साली हळदीनं असाच पंधरा हजारांचा टप्पा ओलांडला होता, आणि 2012 मध्ये ती चार हजारांच्या आसपास येऊन बसली. तेव्हा पोती दाबून बसलेली माणसं आजही आमच्या बैठकीत गप्प असतात. मी सभासदांना एक भाग काढणीलाच विकायला लावते. उरलेला दोन-तीन टप्प्यांत. यात एखाद्या वर्षी शिव्याही खाव्या लागतात.

केळीचं मात्र सगळंच वेगळं. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरकडं घड उतरला की रात्रीच ट्रक हलला पाहिजे. इथं तारण नाही, गोदाम नाही. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यांनी लागवडच तारखा पुढंमागं करून केली, घडांना पिशव्या घातल्या, फण्या धुऊन साधारण तेरा किलोच्या खोक्यांत भरायला शिकले. त्या कामाला जाणार असाल तर हळदीचा अनुभव फारसा कामी येणार नाही, पहिले दोन महिने पॅकहाउसमध्ये बायकांशेजारी बसून फण्या निवडा.

कांडी मोडून दाखवणाऱ्या त्या काकांनी यंदा वीस पोती तारणावर ठेवली आणि बाकीची मार्चातच विकली. पावती दाखवत म्हणाले, “पोरीची फी भरली. आता त्या वीस पोत्यांचं काय ते दिवाळीला बघू.”