एकाच फोनवर घर आणि ऑफिस वेगळे कसे ठेवावे

स्वतःच्या फोनवर ऑफिसची मेल सुरू करून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ती मेल, घरचे फोटो, बँकेचे व्यवहार आणि मुलांच्या शाळेचे निरोप एकमेकांत मिसळले, की ते पुन्हा निवडून वेगळे काढणे मात्र फार किचकट असते. फोन आपला असला तरी त्यातली प्रत्येक गोष्ट आपली नसते, आणि उद्या नोकरी बदलली किंवा फोन हरवला तर कोणी काय पुसायचे, हे सरमिसळ होण्याआधीच ठरलेले बरे.

पहिले काम फोनला हात लावण्यापूर्वीचे आहे. ऑफिसच्या आयटी विभागाला लेखी विचारावे, की माझ्या फोनमधले तुम्हाला काय दिसेल आणि काय पुसता येईल. काही ठिकाणी मेलचे खाते जोडताना ‘डिव्हाइस ॲडमिन’ अशा मथळ्याचा पडदा समोर येतो. त्यावरील परवानग्यांच्या यादीत फोनमधील सर्व डेटा मिटवण्याची परवानगीही असते, आणि आपण घाईत ती न वाचताच होकाराचे बटण दाबून मोकळे होतो. फोन हरवल्याचे कळवताच ऑफिसने तो दुरून कोरा केला आणि त्यात घरचे फोटोही गेले, तर त्याला आपणच संमती दिलेली असते. यादी पूर्ण वाचावी आणि पटली नाही तर मेल ब्राउझरमधून पाहावी. गैरसोय होते, पण फार नाही.

अँड्रॉइड फोनवर यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे वर्क प्रोफाइल. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइड ५.० पासून ही सोय आहे. ऑफिसने दिलेल्या सूचनांप्रमाणे ती सुरू केली, की कामाची ॲप्स स्वतंत्र कप्प्यात जातात आणि त्यांच्या चित्रावर छोट्या बॅगेची खूण दिसू लागते. आपल्या मालकीच्या फोनवर ऑफिसचा अधिकार मुख्यतः त्या कप्प्यापुरता राहतो: नोकरी सोडताना तेवढाच कप्पा पुसला जातो, घरच्या वस्तू जागेवर राहतात. आयफोनवर ऑफिसने कोणती प्रोफाइल बसवली आहे, हे सेटिंग्जमधील ‘जनरल’ विभागात ‘व्हीपीएन व डिव्हाइस मॅनेजमेंट’ येथे पाहता येते. तिथे अनोळखी नाव दिसले तर आधी चौकशी करावी, मग पुढे जावे.

आता फोनबुककडे वळू, कारण बहुतेकांची फसगत इथे होते आणि ती वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. नवा नंबर साठवताना तो कोणत्या खात्यात जातो, हे आपण सहसा पाहत नाही. ऑफिसचे खाते डीफॉल्ट असेल तर प्लंबर, मुलीच्या वर्गशिक्षिका, मामेभाऊ हे सगळे मुकाट्याने ऑफिसच्या खात्यात जाऊन बसतात. एक नोकरी सोडल्यावर मी ते खाते फोनमधून काढले आणि त्याच संध्याकाळी लक्षात आले, की घरच्या डॉक्टरांचा नंबर नाही. पुढचे कित्येक दिवस अनोळखी नंबरवरून येणारा प्रत्येक फोन ‘आपण कोण?’ असे विचारूनच घ्यावा लागला. हे टाळायला काँटॅक्ट्स ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नव्या नंबरांसाठीचे डीफॉल्ट खाते वैयक्तिक करावे. आयफोनवर ही निवड सेटिंग्जमधील काँटॅक्ट्स विभागात असते. जुने नंबर तपासण्यासाठी फक्त ऑफिसच्या खात्यातील नावे दिसतील अशी निवड करावी, यादी शांतपणे चाळावी आणि घरची माणसे वैयक्तिक खात्यात हलवावीत. कॅलेंडरचेही तसेच. दंतवैद्याची वेळ ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये नोंदली, तर ती सहकाऱ्यांनाही दिसू शकते.

फोटोंची अडचण निराळी. कामासाठी एखाद्या कराराचा फोटो काढला आणि फोनमध्ये बॅकअप चालू असला, तर तो फोटो काही मिनिटांत घरच्या क्लाउडवर पोहोचतो आणि त्याच खात्यावर चालणाऱ्या टॅबवर मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो. कागदपत्रांचा फोटो शक्यतो ऑफिसच्या फाइल साठवण्याच्या ॲपमधूनच काढावा. कॅमेऱ्याने काढलाच असेल, तर पाठवून झाल्यावर तो पुसावा आणि कचरापेटीही रिकामी करावी. कारण पुसलेला फोटो आयफोनवर सुमारे ३० दिवस आणि बॅकअप झालेला असल्यास गूगल फोटोजमध्ये ६० दिवस तसाच पडून असतो.

नोटिफिकेशनसाठी दोन गोष्टी पुरेत. लॉक स्क्रीनवर निरोपाचा मजकूर दिसू देऊ नये, फक्त आल्याची सूचना दिसावी. आणि मीटिंगमध्ये फोनचा पडदा इतरांना दाखवण्यापूर्वी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावावे, नाहीतर हिशेबाच्या तक्त्यावर घरच्या ग्रुपमधील रुसवेफुगवे झळकतात.

कामाची वेळ संपल्यावर वर्क प्रोफाइल एका बटणाने थांबवता येते. तेवढा वेळ त्यातील ॲप्स आणि सूचना बंद राहतात. आयफोनवर २०२१ च्या आयओएस १५ पासून ‘फोकस’ आहे. त्यात कोणाचे फोन व कोणत्या ॲपच्या सूचना येऊ द्यायच्या, हे वेळेनुसार ठरवता येते. केवळ मनाशी निश्चय करून मेल न पाहणारी माणसे असतील. मी त्यांपैकी नाही, म्हणून हे काम मी फोनवरच सोपवले आहे.

मुलांच्या हाती फोन देताना अँड्रॉइडवर ॲप पिन करावे आणि आयफोनवर ‘गाइडेड ॲक्सेस’ वापरावा. मग ते त्या एकाच ॲपमध्ये राहतात आणि साहेबांना चुकून इमोजी जात नाहीत.

शेवटी कुलूप. स्क्रीन लॉक बहुतेक जण लावतात, सिमचा पिन मात्र क्वचितच. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले, तर बँकेचे आणि ऑफिसचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात; सिमला पिन असला तर दुसऱ्या फोनमध्ये तो टाकल्याशिवाय सिम चालत नाही. सेटिंग्जमधून तो लावावा, पण सिम देणाऱ्या कंपनीचा मूळ पिन माहीत करून घेतल्यावरच. अंदाजाने टाकू नये, कारण तीन चुकांनंतर सिम अडकते आणि पीयूके, म्हणजे ते पुन्हा उघडण्याचा आठ अंकी कोड, मागते. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते.

त्याच बैठकीत *#०६# डायल करून १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, घरच्या वहीत उतरवावा आणि महत्त्वाच्या खात्यांचे बॅकअप कोडही त्याच पानावर लिहावेत, म्हणजे ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारे ॲप) फोनबरोबर गेला तरी खाती उघडता येतात. नंतर घरातील दुसऱ्याचा फोन घेऊन त्यावरून आपला फोन शोधून पाहावा आणि त्याची घंटी वाजवावी. या वेळी पासवर्ड आठवला नाही, तर तो आजच बदलून घ्यावा आणि घंटी वाजेपर्यंत पुन्हा प्रयत्न करावा.