रुग्णांच्या डेटात काम करायचंय? आधी केसपेपरच्या खिडकीपाशी उभे राहा

म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि शहरभर लहानमोठी रुग्णालयं, त्यामुळे नाशिकमधली बरीच मुलं हल्ली हेल्थ डेटाकडे वळतायत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, आधी पायथन शिकू की एसक्यूएल?" आधी एसक्यूएल शिका, म्हणजे साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढायची भाषा. पण त्याच्याही आधी, परवानगी काढून, एखादी सकाळ केसपेपरच्या खिडकीपाशी घालवा. नोंदी कशा बिघडतात ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

सुरगाण्याहून आलेल्या आजींना वय विचारलं की "असंल साठ-पासष्ट" असं उत्तर येतं. सॉफ्टवेअर पूर्ण जन्मतारीख मागतं, मागे रांग वाढत असते, मग १ जानेवारी टाकली जाते. शाळेच्या दाखल्यावर १ जून असलेल्या तर आपल्याकडे पिढ्याच्या पिढ्या आहेत. त्यामुळे नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून दोन फाइली एकत्र करू नका. दोन वेगळ्या बायका एक होऊन बसतात.

याच्या उलटही घडतं. दिंडोरीच्या मुलीची फाइल माहेरच्या नावाने असते. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, नवी फाइल उघडते आणि पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद जुन्या फाइलमध्येच राहते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं तर आधीच्या तपासण्या एका रुग्णालयात, प्रसूती दुसऱ्यात. डेटा बघणाऱ्याला वाटतं, बाईने एकही तपासणी केली नाही. १४ अंकी आभा क्रमांकाचा, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांकाचा, इथे खरा उपयोग आहे, पण तो खिडकीवर विचारून जोडला गेला तरच.

आता प्लेटलेटचं बघा. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा हा रकाना फार महत्त्वाचा. एक लॅब १.८ लिहिते, म्हणजे लाख. दुसरी १८०, म्हणजे हजार. तिसरी सरळ १८००००. तिन्ही आकडे एकच आणि तिन्ही नॉर्मल. एकक न बघता सरासरी काढली तर उत्तराला काही अर्थच उरत नाही. खरी अडचण येते ती १८ दिसल्यावर. ते अठरा हजार असतील तर रुग्ण धोक्यात आहे, १.८ मधला टिंब सुटला असेल तर सगळं ठीक आहे. अशा वेळी अंदाजाने भागाकार करू नका. रिपोर्ट कुठल्या लॅबचा, आदल्या दिवशीचा काउंट किती, मूळ कागद काय म्हणतो, हे पाहा. तरीही उलगडलं नाही तर आकडा आहे तसा ठेवून शेजारच्या रकान्यात 'शंकास्पद' अशी खूण करा. मूळ रकान्याला कधीच हात लावू नका. दुरुस्ती नव्या रकान्यात, कारणासह.

रिकामा रकाना म्हणजे 'नाही' नव्हे. मधुमेहाचा रकाना कोरा, पण औषधांत मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आणि लॅबमध्ये एचबीए१सी ही साखरेची तपासणी, असं हमखास सापडतं. शिवाय ज्याची तब्येत जास्त बिघडलेली, त्याच्या तपासण्या जास्त होतात. म्हणून न केलेल्या तपासणीच्या जागी सरासरी भरणं मला साफ चुकीचं वाटतं. ती तपासणी झाली नाही, हीसुद्धा माहितीच आहे.

वेळेच्या नोंदींचंही तसंच. आठचा डोस आठलाच दिलेला असतो, नोंद मात्र वॉर्ड शांत झाल्यावर होते. त्यासाठी सिस्टरला दोष देऊ नका. भरल्या वॉर्डात आधी रुग्ण बघायचा हेच बरोबर. डोस दिल्याची वेळ आणि नोंदीची वेळ असे दोन वेगळे रकाने मागून घ्या.

पुस्तकी चौकट हवी असेल तर २०१६ साली मायकेल कान आणि सहकाऱ्यांनी आरोग्य-नोंदींचा दर्जा तपासण्यासाठी मांडलेली वाचा: नोंद ठरलेल्या नमुन्यात आहे का, पूर्ण आहे का, पटण्याजोगी आहे का. तपासण्यांसाठी लॉइंक आणि निदानासाठी आयसीडी-१० या संकेतांची ओळख करून घ्या.

सरावाला 'सिंथिया' या सॉफ्टवेअरने बनवलेला कृत्रिम रुग्णांचा डेटा फुकट मिळतो, पण तो फारच नीटनेटका असतो. 'मिमिक' या डेटासंचाचा छोटा डेमो घ्या. तो खऱ्या अतिदक्षता विभागातला, ओळख पुसलेला डेटा आहे. रुग्णालयाचा डेटा मात्र सरावासाठीसुद्धा पेनड्राइव्हवर घरी आणू नका. नाव काढलं तरी छोट्या गावातला माणूस वय, गाव आणि आजार यांवरून ओळखू येतो.