पाणी येण्याआधी घरातले फोन: सांगलीच्या पूरपट्ट्यातील कुटुंबांसाठी तयारीची यादी

आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही मोठे पूर जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टचा पूर्वार्ध एवढ्याच काळात आले, आणि २०१९ मध्ये तर पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. त्यामुळे धान्याचे डबे माळ्यावर चढवणे, गाडी विश्रामबागेकडे पाहुण्यांच्या दारात नेऊन लावणे, सिलिंडर दोरीने बांधून ठेवणे ही कामे गावभागात किंवा कर्नाळ रस्त्याला राहणाऱ्यांच्या अंगवळणी पडली आहेत. फोनची तयारी मात्र पाणी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आठवते, आणि त्या वेळी ती करता येत नाही, कारण तिला लागणारी वीज, रेंज, ओटीपी आणि थंड डोके या चारही गोष्टी तोवर हातातून निसटू लागलेल्या असतात. म्हणून पुढील सर्व कामे जून संपण्याआधी उरकावीत.

पहिले काम कागदाचे आहे. घरातील बहुतेकांना स्वतःच्या नंबरापलीकडे एकही नंबर पाठ नसतो, आणि फोन बंद पडला की मुलाचा नंबरही सांगता येत नाही. जवळच्या पाचसहा माणसांचे नंबर, घरमालकाचा, शेजाऱ्यांचा आणि परगावी राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर जाड कागदावर पेन्सिलीने लिहावा. शाईचे अक्षर ओल लागली की पसरते, पेन्सिलीचे टिकते. त्याखाली आपत्कालीन मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, महावितरणचा १९१२ आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हे क्रमांक लिहावेत. प्रत्येक फोनवर *#०६# दाबले की दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांकही त्याच कागदावर हवा. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, ते दोन्ही घ्यावेत. कागदाच्या दोन प्रती कराव्यात आणि एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे द्यावी.

सिमकार्डांचा विचार पूर्ण कुटुंबाने एकत्र बसून करावा. घरातील चारही फोन एकाच कंपनीचे असतील आणि त्या कंपनीचा जवळचा टॉवर बंद पडला, तर चारही फोन एकाच क्षणी मुके होतात. निदान एका फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम असावे, त्यावर रिचार्ज चालू असावे आणि महिन्यातून एखादा फोन त्यावरून करावा, कारण बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी बंद करू शकते. आजोबांचा जुना बटणांचा फोन बॅटरीच्या बाबतीत अनमोल असतो, पण तो टूजी असेल तर त्यात जिओचे सिम चालत नाही, हे आधीच तपासलेले बरे. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलण्याची सोय सुरू करून देऊ शकतो. तिचा लाभ मिळावा म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड स्वयंचलित ठेवलेली असावी.

विजेबाबत अधिक काटेकोर असावे लागते. पाणी रोहित्रांपर्यंत पोहोचू लागले की जीवितहानी टाळण्यासाठी महावितरण त्या भागाचा पुरवठा मुद्दाम बंद करते, आणि पाणी ओसरून तपासणी होईपर्यंत तो सुरू होत नाही. म्हणजे हा खंड तासांचा नसून दिवसांचा धरावा. घरातील इन्व्हर्टर तळमजल्यावर जिन्याखाली ठेवलेला असतो आणि घरात पाणी शिरले की सर्वात आधी तोच बुडतो, हेही लक्षात घ्यावे. पॉवर बँक विकत घेताना खोक्यावर छापलेल्या मोठ्या आकड्यावर जाऊ नये. दहा हजार एमएएच (बॅटरीची क्षमता मोजण्याचे एकक) हा आकडा आतील सेलचा, सुमारे ३.७ व्होल्टचा असतो. फोनला वीज ५ व्होल्टने द्यावी लागते आणि मध्ये काही वाया जाते, त्यामुळे बाहेर मिळणारी क्षमता सहा हजारांच्या आसपास उरते. हा खरा आकडा बहुधा मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून दिलेला असतो. पाच हजारांची बॅटरी असलेला फोन अशा पॉवर बँकेवर सव्वा ते दीड वेळाच भरेल, तेव्हा चार माणसांच्या घराला एक पॉवर बँक पुरणार नाही. ती वर्षभर रिकामी ठेवल्यास खराब होते. दोनतीन महिन्यांनी एकदा भरावी आणि पाऊस लागला की पूर्ण भरून ठेवावी. तिच्यासोबत घरातील प्रत्येक फोनला चालणारी केबल त्याच पिशवीत असली पाहिजे, कारण ऐन वेळी पॉवर बँक सापडते आणि केबल सापडत नाही.

फायबरचे इंटरनेट असलेल्या घरांना एक जास्तीची सोय करता येते. फायबरच्या तारेतून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. त्यामुळे कंपनीच्या टोकाला पुरवठा शाबूत असेल तर आपल्या घरची वीज गेली तरी केवळ राउटरच्या डब्याला वीज दिली की इंटरनेट चालते. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्यापूर्वी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहावेत, बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात. फोनमध्ये वायफाय कॉलिंगही चालू करून ठेवावे, म्हणजे टॉवरची रेंज नसताना साधा फोन वायफायवरून लागतो. डबा जमिनीलगतच्या फळीवर असेल तर तो छताजवळ नेण्याचे काम जूनमध्येच करून घ्यावे.

कागदपत्रांचे काम सर्वात वेळखाऊ, आणि म्हणूनच लवकरात लवकर सुरू करण्याचे. आधार, पॅन, वाहन परवाना, गाडीचे आरसी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका यांपैकी जे मिळेल ते डिजिलॉकरमध्ये उतरवून घ्यावे; तेथे संबंधित कार्यालयाने दिलेली प्रत कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते, स्वतः काढून चढवलेल्या फोटोला मात्र तो मान नाही. डिजिलॉकर उघडायला आधारशी जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो, आणि आजीच्या आधारला जोडलेला नंबर बंद होऊन बराच काळ लोटला असल्याचे अनेक घरांत याच वेळी उघडकीस येते. तो आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्यावा. रेशनकार्ड, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, वीजबिल, घरपट्टीची पावती, सातबारा आणि विम्याची पॉलिसी यांचे स्वच्छ उजेडात फोटो काढून ते ईमेलवर स्वतःलाच पाठवावेत आणि परगावच्या एका विश्वासू माणसाकडेही ठेवावेत.

यासोबतच घराच्या आतल्या वस्तूंचे फोटो काढावेत, आणि हे काम लोक हमखास टाळतात. फ्रीज, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन, दुकानातील माल, कपाटे, भिंतीचा रंगसुद्धा कॅमेऱ्यात यावा. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यासाठी तलाठी किंवा विम्याचा सर्व्हेअर दारात येतो, तेव्हा चिखलाने माखलेल्या लाकडाच्या ढिगाऱ्यावरून ते कपाट होते हे पटवून देणे अवघड जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाण आणि वेळ नोंदवण्याची सोय चालू ठेवावी आणि नंतर त्याच कोपऱ्यांचे, भिंतीवरील पाण्याच्या रेघेसह, पुन्हा फोटो घ्यावेत. फोनमध्ये जागा नाही ही अडचण पुढे येईल. तीन वर्षांच्या शुभ सकाळच्या फुलांना निरोप देण्याचा हाच मुहूर्त समजावा. गूगल खात्यावर मोफत मिळणारी जागा १५ जीबी असते आणि ती फोटो, ईमेल व इतर फायली मिळून भरते, म्हणून फोटो खरोखर वर चढले आहेत की नाही हे दुसऱ्या फोनवरून तेच खाते उघडून पाहावे.

बातमी कोठून घ्यायची हे कुटुंबाने कोरड्या दिवसांतच ठरवावे. कोयनेचे दरवाजे इतके फूट उचलले, इतक्या क्युसेकने विसर्ग सुरू, असे संदेश पावसात दर तासाला येतात, आणि त्यांतील काही गेल्या पुराच्या वेळचे असतात, कारण त्यांवर तारीखच नसते. तारीख, वेळ आणि कार्यालयाचे नाव या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट नसली तरी तो संदेश पुढे पाठवू नये, मग तो मामांनी पाठवलेला का असेना. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशाऱ्यांचा पर्याय चालू आहे का, ते पाहावे. शासनाचे सेल ब्रॉडकास्ट संदेश, म्हणजे टॉवरवरून त्या भागातील सर्व फोनवर एकदम जाणारे इशारे, त्यावरच मोठ्या आवाजासह उमटतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सचेत अ‍ॅप घेऊन त्यात सांगली जिल्हा निवडावा. कोयना आणि चांदोली धरणांकडील पाऊस आपल्या अंगणातील पावसापेक्षा महत्त्वाचा, हे येथील जाणत्यांना सांगायला नको, म्हणून कोयना ज्यात येते त्या सातारा जिल्ह्याचे इशारेही चालू ठेवावेत.

पैशांसाठी यूपीआयवर विसंबून राहू नये. चारपाच दिवस पुरेल एवढी रोकड सुट्ट्या नोटांत घरी असावी. इंटरनेट नसताना *९९# वरून बँकेचा व्यवहार करता येतो, पण ती सोय सगळ्या सिमवर सारखी चालतेच असे नाही, म्हणून थोडी रक्कम पाठवून आधी करून पाहावी.

घर सोडण्याची वेळ आली, तर फोन झिपच्या जाड पिशवीत ठेवून शरीराशी बांधावा. रेंज क्षीण असताना फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपते, म्हणून तो विमान मोडवर ठेवून ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटे, चालू करावा आणि ही वेळ नातेवाइकांना आधी कळवावी. फोन लागत नसला तरी साधा एसएमएस अनेकदा जातो. मदतीचा मजकूर आधीच लिहून जपून ठेवावा: ‘मारुती चौकामागची गल्ली, पिवळी दुमजली इमारत, वरचा मजला, पाच माणसे, आजी चालू शकत नाही.’ बोटीवरच्या जवानाला नकाशावरच्या टाचणीपेक्षा अशा ओळीचा उपयोग जास्त होतो.

फोन पाण्यात गेलाच, तर तो चार्जिंगला लावू नये आणि तांदळाच्या डब्यात पुरू नये. कोंडा आत जाण्याखेरीज त्यातून काही साधत नाही. बंद करून, सिम काढून, हवेशीर जागी चार्जिंगचे तोंड खाली करून ठेवावा. फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार, मग त्याच नंबरचे दुसरे सिम आणि त्यानंतर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरून आयएमईआय बंद करणे, असा क्रम ठेवावा. दुसरे सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणजे ओटीपीही येत नाही. हा नियम आपल्या खात्याच्या रक्षणासाठीच आहे, तेव्हा दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

पाणी उतरल्यावर अनुदानाच्या नावाने लिंका आणि एपीके (फोनमध्ये परस्पर अ‍ॅप बसवणाऱ्या) फायली येऊ लागतात. सानुग्रह मदत पंचनाम्यानंतर बँक खात्यात जमा होते, त्यासाठी कोणतेही अ‍ॅप उतरवावे लागत नाही, आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० वर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखण्याची संधी तेवढीच असते. राउटर आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर भिजला असेल तर वायरमनने घरातील वीज तपासेपर्यंत तो लावू नये. कोरडा राहिलेला राउटर लावल्यावर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा पेटला, तर फायबरची तार कोठेतरी तुटली किंवा निखळली आहे, आणि कंपनीत तक्रार नोंदवताना नेमके हेच सांगावे.